बॅकअपसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेताना : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात कॉम्प्युटर-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराई संपली की फोटोग्राफर, मार्च सरला की टॅलीवाले आणि अधूनमधून शाळेतले सर लोक एकच तक्रार घेऊन येतात : "डिस्क लागत नाही, डेटा गेला." त्यानंतर व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असतं, तेव्हा प्रश्नांना नंबर दिले आहेत.

१. दादा, सगळे फोटो लॅपटॉपमधून काढून हार्ड डिस्कवर टाकले. झाला ना बॅकअप?

नाही. फोटोंनी घर बदललं, एवढंच. आधी ते लॅपटॉपमध्ये एकाच जागी होते, आता डिस्कवर एकाच जागी आहेत. तीच फाइल एकाच वेळी दोन वेगळ्या वस्तूंवर असेल तेव्हाच तो बॅकअप. सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर केलेली कॉपीही यात धरू नका. बहुतेक मशीनमध्ये ती एकाच डिस्कची दोन नावं असतात, गेली तर जोडीनं जातात. दुकानात रडवेल्या चेहऱ्यानं येणाऱ्यांत "जागा करायची म्हणून हलवले" असं सांगणारेच जास्त.

२. सगळं गूगलवर आहे. मग डिस्क कशाला?

गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. एका लग्नाचं शूटिंग तिला पुरत नाही. दुसरं म्हणजे तिथे बहुतेक वेळा 'सिंक' चालू असतं : मोबाइलवरून फोटो उडवला की तिकडूनही उडतो, आणि ट्रॅशची मुदत संपली की परत मिळत नाही. क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, वाईट नाही, मीही वापरतो, पण तिसरी प्रत म्हणून (प्रश्न १३ पाहा).

३. हार्ड डिस्क घेऊ की एसएसडी?

ती कुठे राहणार, यावर ठरवा. हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरतात. पोर्टेबल डिस्कमध्ये साधारण मिनिटाला ५४०० फेरे, आणि वाचणारं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. चालू असताना टेबलावरून पडली तर हेड चकतीला घासतं आणि खेळ संपतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे धक्के सोसते आणि वेगही कितीतरी जास्त. शिरपूरहून शहाद्याला लग्न शूट करायला बाइकवर जाणाऱ्या फोटोग्राफरनं सोबत एसएसडीच ठेवावी.

कपाटात ठेवायच्या बॅकअपला मात्र मी अजून हार्ड डिस्कच सांगतो. तेवढ्याच पैशांत जागा जास्त मिळते. शिवाय एसएसडीतला डेटा विद्युतभाराच्या रूपात साठलेला असतो आणि वीज न देता ठेवली की तो हळूहळू झिरपतो. चिपची मानकं ठरवणाऱ्या 'जेडेक' या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीची अट अशी आहे : लिहिण्याचं ठरलेलं आयुष्य संपलेल्या अवस्थेत, ३० अंश तापमानाला, वीज न देता १ वर्ष डेटा टिकावा. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते, घाबरायचं कारण नाही. पण उष्णता वाढली की ही मुदत घटते, आणि आपल्याकडे पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ३० अंश हा हिवाळा झाला.

आणखी एक. हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी कुरकुरते, मंदावते, इशारा देते. एसएसडी अनेकदा न सांगता जाते.

४. कंपनी कोणती चांगली ते एका शब्दात सांगा ना भो.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात कमी कामाचा. फिरत्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डब्यावर दुसरं कुठलंही नाव असलं तरी आतली डिस्क यांच्यापैकीच एकाची. तिघांच्याही डिस्क माझ्याकडे मेलेल्या आल्यात, आणि तिघांच्याही दहा वर्षं चाललेल्या पाहिल्यात.

अमेरिकेतली बॅकब्लेझ ही क्लाउड कंपनी २०१३ पासून आपल्या डेटा सेंटरमधल्या डिस्क किती बिघडतात याचे आकडे जाहीर करते. २०२३ साली ते प्रमाण सुमारे १.४ टक्के होतं. म्हणजे थंडगार एसी हॉलमध्ये, कुणी हात न लावता, शंभरातली एखाद-दुसरी डिस्क वर्षभरात जातेच. त्याच आकड्यांत एकाच कंपनीचं एक मॉडेल उत्तम आणि दुसरं सुमार निघतं. आपली तर डिस्क बॅगेत आपटते. म्हणून कंपनी शोधण्यात आठवडा घालवण्यापेक्षा दोन डिस्क घ्या, जमल्यास वेगवेगळ्या कंपन्यांच्या. वॉरंटी ३ वर्षांची मिळत असेल तर २ वर्षांची घेऊ नका. फक्त हे ध्यानात ठेवा की वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतले फोटो नाही.

५. किती टीबीची घेऊ?

आज जेवढा डेटा आहे त्याच्या किमान दुप्पट. फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही राहायला हव्यात (प्रश्न ११). घरच्या वापराला १ ते २ टीबी पुष्कळ; व्हिडिओवाल्यांनी ४-५ टीबीकडे जावं. मात्र ५ टीबीची एक घेण्यापेक्षा २ टीबीच्या दोन घेतलेल्या मला आवडतात. केळीचा सगळा माल एकाच ट्रकमध्ये भरावा का, हे रावेर-सावद्याच्या माणसाला मी काय सांगणार?

६. १ टीबीची घेतली, कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो. दुकानदारानं फसवलं का?

नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. डिस्क तीच, माप वेगळं. २ टीबीची १.८१ टीबी दिसणार.

७. मोबाइलवर जाहिरात आली : १६ टीबीची एसएसडी, दीड हजारात. घेऊ?

मुळीच नको. असल्या डब्या मी उघडून पाहिल्यात : आत एक छोटं मेमरी कार्ड, सर्किटला चिकटवलेलं, आणि वजन यावं म्हणून कधी लोखंडाचा तुकडा. त्यातलं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरला १६ टीबी आहे असं खोटं सांगतं. फाइली टाकत गेलात की नावं दिसत राहतात, पण खरी जागा भरल्यावरचा डेटा कुठेच लिहिला जात नाही. लोकांना महिन्यांनी कळतं, तोवर परत करायची मुदत गेलेली असते.

शंका असेल तर 'एचटूटेस्टडब्ल्यू' हे फुकट सॉफ्टवेअर रिकाम्या डिस्कवर चालवा. ते पूर्ण जागा भरून परत वाचून बघतं. मोठ्या डिस्कला बरेच तास लागतात, रात्री लावून झोपा. मी तर नावाजलेल्या कंपनीची नवी डिस्कही भरवशावर घेण्याआधी एकदा अशी दळून काढतो. जी जायची असते ती बऱ्याचदा पहिल्याच फेरीत कुरकुरते.

८. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घेऊ की ऑनलाइन मागवू?

कुठूनही घ्या, तीन गोष्टी बघा. पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर. तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का, किती दिवस उरली, हे तिथेच उभं राहून पाहणं. बाहेरून आणलेल्या मालात हीच मेख असते. आणि डब्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण व 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. यूएसबी हार्ड डिस्क सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहे. क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपमध्ये तपासता येतो.

ऑनलाइन मागवलीत तर उघडताना व्हिडिओ काढा. माझ्या मेहुण्याला एकदा सीलबंद डब्यात वापरलेली डिस्क आली होती. किती तास चाललेली आहे तो आकडा तपासला तेव्हा कळलं (तो कसा पाहायचा ते प्रश्न १५ मध्ये).

९. केबलवर चालणारी छोटी बरी की वेगळ्या अडॅप्टरची मोठी?

छोटी अडीच इंची डिस्क यूएसबीवरच वीज घेते. मोठी साडेतीन इंची स्वस्तात जास्त जागा देते, पण तिला भिंतीचा प्लग लागतो. आपल्याकडे मुद्दा लोडशेडिंगचा आहे. लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि छोटी डिस्क त्याच्या जिवावर काम पुरं करते. मोठी मात्र लिहिता लिहिता धपकन बंद पडते. यूपीएस नसेल तर खेड्यावर मोठी नेऊच नका. डेस्कटॉप वापरणाऱ्यांना यूपीएस दोन्ही बाबतीत हवाच.

१०. उन्हाळ्यात डिस्क खराब होते म्हणतात, खरं का?

बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा दुपारी दोनला विनाएसी खोलीत चार तास कॉपी लावणं म्हणजे कंपनीनं नको म्हटलेलं तेच करणं. म्हणून माझा उन्हाळ्यातला नियम : मोठी कॉपी पहाटे. रात्री अकरालाही भिंती तापलेल्याच असतात. डिस्क गादीवर, उशीवर ठेवू नका. फरशीवर किंवा लाकडी पाटावर आडवी ठेवा. डिस्कच्या आतलं तापमान (ते कसं पाहायचं ते प्रश्न १५ मध्ये) ५० च्या वर गेलेलं दिसलं की मी कॉपी थांबवतो.

लोक दोन चुका हमखास करतात. एक, थंड राहावी म्हणून कूलरसमोर ठेवतात. कूलर ओली हवा फेकतो, सोबत धूळ. दोन्ही डिस्कला नकोत. दुसरी, गाडीची डिकी. उन्हात उभ्या स्कूटीची डिकी भट्टी होते. बंद डिस्कही साधारण ६५ अंशांपलीकडे ठेवायची नसते. उन्हातून आणलेली डिस्क एसीत नेऊन लगेच लावू नका, अर्धा तास निवू द्या.

११. रोज हातानं कॉपी-पेस्ट करायचं का?

चार दिवस कराल, पाचव्या दिवशी विसराल. विंडोज ८ पासून 'फाइल हिस्ट्री' आत दिलेलीच आहे. डिस्क जोडून एकदा चालू केली की ती बदललेल्या फाइली जुन्या आवृत्त्यांसह ठेवत जाते. मॅकवर 'टाइम मशीन'. एक्सेलच्या पत्रकावर कुणी चुकून दुसरं पत्रक सेव्ह केलं, तर नुसती कॉपी उपयोगाची नसते. कालची आवृत्तीच लागते. फाइल हिस्ट्री डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स असे ठरलेले फोल्डरच धरते, डी ड्राइव्हवरचं तुमचं 'नवीन फोल्डर (३)' ते तुम्ही जोडाल तेव्हाच.

टॅलीवाल्यांनी टॅलीच्या आतला बॅकअप वेगळा घ्यावा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू उघडतो, त्यात बॅकअप आहे. टॅली चालू ठेवून बाहेरून फोल्डर कॉपी केला तर तो अर्धवट येऊ शकतो.

१२. मग डिस्क कायम लावूनच ठेवू? म्हणजे आपोआप होत राहील.

इथे सोय आणि सुरक्षितता यांचं भांडण आहे. लावून ठेवली तर बॅकअप चुकत नाही. पण लॅपटॉपमध्ये खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर तो जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप घालतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'नं जगभर हेच केलं. रोहिणी-मृगाच्या वादळात वीज पडून बोर्ड जळाला, तर केबलनं जोडलेली डिस्कही जाऊ शकते. म्हणून एक डिस्क लावलेली असली तरी दुसरी काम झालं की काढलेली. काढताना 'सेफली रिमूव्ह' करूनच. केबल ओढून काढलेल्या डिस्क दुरुस्त करून माझा बराच चहापाण्याचा खर्च निघतो.

१३. दोन डिस्क खरंच लागतात का? एक परवडते कशीबशी.

एक असेल तर एक. नसण्यापेक्षा शंभरपट बरी. पण नियम म्हणून ३-२-१ ध्यानात ठेवा : ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, १ घराबाहेर. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे तो प्रसिद्ध झाला. घराबाहेरची प्रत आपल्याकडे सोपी आहे : एक डिस्क गावी आईकडे. आखाजीला, कानबाईच्या रोटांना, दिवाळीला जाणं होतंच. जाताना ताजी डिस्क न्या, तिथली घेऊन या. चोरी, आग, पुराचं पाणी या तिन्हींवर हा उपाय, आणि महिन्याचं भाडं काही नाही. दुसरी नवी परवडत नसेल, तर जुन्या लॅपटॉपमधून निघालेली चांगली डिस्क साध्या केसिंगमध्ये (यूएसबीच्या डब्यात) घाला. दुसरी प्रत म्हणून चालते, एकमेव म्हणून नाही.

१४. कॉपी फारच हळू चालते. डिस्क खराब आहे का?

आधी केबल आणि पोर्ट बघा. यूएसबी २ वर सेकंदाला ३५-४० एमबीच्या पलीकडे क्वचितच जातं, म्हणजे ५०० जीबीला चार तासांच्या आसपास. तीच डिस्क यूएसबी ३ वर सव्वा-दीड तासात काम उरकते. हा पोर्ट बऱ्याचदा आतून निळा असतो.

पोर्ट बरोबर असून सुरुवातीला वेगानं जाते आणि मग रखडते, तर बहुधा डिस्क 'एसएमआर' प्रकारची आहे. तिच्यात चकतीवरचे ट्रॅक घराच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे जुन्या जागी नवं लिहायचं तर शेजारचंही परत लिहावं लागतं. आजच्या बहुतेक छोट्या डिस्क अशाच. बॅकअपला त्या ठीक आहेत, फक्त त्यांच्यावरूनच व्हिडिओ एडिट करत बसू नका. आणि हजारो बारक्या फाइली कुठल्याही हार्ड डिस्कवर रांगतातच. जुनी, नेहमी चांगली चालणारी डिस्क अचानक मंदावली, तर मात्र पुढचा प्रश्न वाचा.

१५. डिस्क किती वर्षं टिकते? मरायला टेकली हे कसं कळणार?

मी ४-५ वर्षांनी डिस्कला मुख्य कामावरून काढून दुसऱ्या प्रतीवर बसवतो. तब्येत पाहायला 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा, त्या डिस्कवरच्या बिघडलेल्या जागा मोजतात. शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं हवीत. सी५ मध्ये आकडा दिसला की त्याच दिवशी डेटा दुसरीकडे हलवा. तापमान आणि एकूण चाललेले तास तिथेच दिसतात. वरवर 'गुड' लिहिलं म्हणून निर्धास्त होऊ नका. काही डिस्क आदल्या दिवशीपर्यंत 'गुड' असतात.

१६. पडली. आता टक-टक आवाज येतो आणि दिसत नाही. काय करू?

केबल काढा आणि परत लावू नका. "एकदा लावून बघतो" असं करत दहा वेळा लावलेली डिस्क माझ्याकडे येते, तोवर हेडनं चकतीवर चरे ओढलेले असतात. फ्रीजरमध्ये ठेवणं, तांदळात पुरणं, स्क्रू उघडणं, सगळं बंद. टक-टक म्हणजे यांत्रिक बिघाड. तो माझ्यासारख्या दुकानात सुटत नाही, धूळमुक्त 'क्लीन रूम' असलेल्या रिकव्हरीवाल्याकडेच पाठवावा लागतो. खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट आणि हमी नाही. आवाज नसेल, फक्त दिसत नसेल, तर आधी केबल बदला. निम्म्या वेळा दोष तिचाच.

१७. पासवर्ड लावू का?

गिऱ्हाइकांचे आधार-पॅन असतील, म्हणजे सेवा केंद्रवाले, सीए, दवाखाने, तर लावाच. विंडोज प्रोमध्ये त्यासाठी बिटलॉकर ही सोय आहे. होम आवृत्तीवर नवीन लावता येत नाही, लावलेली उघडता येते. पासवर्ड विसरला तर लागणारी रिकव्हरी की कागदावर लिहून गाठोड्यात ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको. की हरवली तर मी काय, कुणीच उघडू शकत नाही.

एक छुपी मेख : काही पोर्टेबल डिस्कच्या सर्किटमध्येच कूटलेखन (डेटा गुप्त संकेतात लिहिणं) असतं, पासवर्ड न लावताही. शिवाय अनेकांत यूएसबीचं तोंड थेट बोर्डवरच जोडलेलं असतं. बोर्ड जळाला की आतली डिस्क काढून दुसरीकडे लावता येत नाही. अशी डिस्क एकमेव प्रत म्हणून ठेवू नका.

१८. घरी विंडोज, मुलीकडे मॅक, शिवाय टीव्हीलाही लावायची. फॉरमॅट कोणता?

दोन्हीकडे लिहायचं तर एक्सफॅट. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, ते वीज जाण्याला जास्त सोसतं. मॅक ते वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. खरं सांगू? बॅकअपची डिस्क टीव्हीला लावूच नका. सिनेमाला पेन ड्राइव्ह घ्या.

१९. जुनी डिस्क विकायची आहे. डिलीट केलं की पुरे?

डिलीट आणि क्विक फॉरमॅट, दोन्हींनंतर डेटा परत काढता येतो. हार्ड डिस्क असेल तर फॉरमॅट करताना 'क्विक' वरची टिक काढा. तेव्हा विंडोज सगळीकडे शून्य लिहितं. गिऱ्हाइकांचा डेटा होता तर विकूच नका.

२०. बॅकअप आहे, डिस्क चांगली आहे, पण दहा वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका उघडल्या तर अक्षरं गिचमिड. असं कसं?

हा प्रश्न धुळ्याच्या एका डीटीपीवाल्या काकांचा, आणि मलाही तो आधी सुचला नव्हता. फाइल शाबूत आहे, फॉन्ट गायब आहे. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र कोड देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये 'क' च्या जागी आत इंग्रजी अक्षराचाच कोड असतो. तो फॉन्ट नसला की कॉम्प्युटर तीच इंग्रजी अक्षरं दाखवतो. त्यातून पत्रिका ज्यात मांडल्या त्या पेजमेकर सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. फाइली जपल्या, पण त्या वाचणारं जपलं नाही.

तेव्हा बॅकअपमध्ये 'फॉन्ट्स' फोल्डर, सॉफ्टवेअरची इन्स्टॉल फाइल आणि प्रत्येक तयार कामाची पीडीएफ ठेवा; पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवता येतो. टॅलीचंही असंच, नव्या आवृत्तीत बदललेला डेटा जुनीत उघडत नाही. आणि तीन-चार महिन्यांतून एकदा डिस्क दुसऱ्याच्या लॅपटॉपला लावून पाच-सात फाइली खरोखर उघडून बघा. काकांनी शेवटी एका बंद पडलेल्या छापखान्यातून जुना पीसी आणला. फॉन्ट त्यात सापडला, पत्रिका उघडल्या. नवऱ्या मुलाला आता दोन मुलं आहेत.